जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि व्हॅलिडिटी: राखीव जागेचे कागद कसे जमवायचे

राखीव जागेवर प्रवेश किंवा नोकरी मिळवायची तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. दाखला लागतो, त्या दाखल्याची जात पडताळणी समितीकडून मिळालेली वैधता म्हणजे व्हॅलिडिटी लागते, आणि अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी मागास प्रवर्गांना नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे आपलं कुटुंब त्या प्रवर्गातल्या पुढारलेल्या थरात (क्रिमिलेअरमध्ये) मोडत नाही याचा दाखलाही लागतो. तिन्ही कागद वेगवेगळे. दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रांत कार्यालयातून मिळतात, व्हॅलिडिटी समितीकडून. आरक्षण किती आणि कुणाला, यावर आपल्याकडे रोज वाद चालतो, पण हक्कदार मुलाची जागा प्रत्यक्षात हातची जाते ती बहुतेक वेळा या तीनपैकी एक कागद वेळेत न आल्यामुळे. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी आपला प्रवर्ग नक्की करा. राज्यात अनुसूचित जातींना 13 टक्के, अनुसूचित जमातींना 7, विमुक्त जातींना 3, भटक्या जमाती ब, क आणि ड यांना अनुक्रमे 2.5, 3.5 आणि 2, इतर मागास वर्गाला 19 आणि विशेष मागास प्रवर्गाला 2 टक्के आरक्षण आहे. 2024 च्या कायद्याने मराठा समाजाला सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग म्हणून 10 टक्के दिले आहेत. त्या कायद्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, त्यामुळे त्या प्रवर्गातून अर्ज करताना प्रवेशपत्रावरच्या अटी नीट वाचा. यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी आर्थिक दुर्बल घटकांचं 10 टक्के आहे. केंद्राची यादी वेगळी असते. राज्यात भटक्या-विमुक्तांत मोडणाऱ्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसीमध्ये येतात. केंद्राच्या भरतीसाठी किंवा आयआयटीच्या प्रवेशासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो, राज्याचा दाखला तिथे चालत नाही.

सगळं अडतं ते एका तारखेवर

दाखल्याच्या अर्जात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मानीव दिनांक. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. आपलं घराणं त्या तारखेला महाराष्ट्रात राहत होतं, आणि त्याच जातीचं होतं, हे दाखवावं लागतं. त्यामुळे तुमच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यापेक्षा आजोबा-पणजोबांच्या कागदाला जास्त वजन असतं.

हा कागद कुठे सापडतो? पहिलं ठिकाण गावातली जुनी जिल्हा परिषद शाळा. तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा, त्याला 'प्रवेश-निर्गम उतारा' म्हणतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांचे भाऊ, चुलत भाऊ, आत्या, म्हणजे वडिलांकडचं कुणीही रक्ताचं चालतं. दुसरं ठिकाण तहसील कार्यालयाची रेकॉर्ड रूम: कोतवाल बुक, गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, हक्क नोंदणी, जुनी खासरा पत्रकं. यातल्या कित्येक नोंदी मोडीत आहेत. त्या वाचून देणारे जाणकार असतात, त्यांच्याकडून लिप्यंतर करून मूळ प्रतीसोबत जोडायचं. वडील-आजोबा सरकारी नोकरीत असतील तर सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरची जातीची नोंदही उपयोगी पडते.

उतारा हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. समजा, आजोबांचं नाव रजिस्टरात 'धोंडू रामा' आहे, सातबाऱ्यावर 'धोंडिबा रामजी' आणि वडिलांच्या दाखल्यावर 'धोंडीराम'. समितीपुढे ही तीन माणसं होतात. माणूस एकच आहे हे वंशावळीच्या शपथपत्रात स्पष्ट लिहा आणि जोडीला रेशनकार्ड, सातबारा, फेरफार असे दुवे द्या. जातीच्या रकान्यात खाडाखोड दिसली, किंवा तेवढाच शब्द वेगळ्या शाईत असला, तर समितीचं दक्षता पथक, म्हणजे चौकशी करणारं पथक, मूळ रजिस्टर तपासायला शाळेत जातं. रजिस्टरात आपल्या सोयीने 'दुरुस्ती' करून घ्यायचा सल्ला देणारे एजंट भेटतात. त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. खोट्या नोंदीवर मिळालेला दाखला रद्द तर होतोच, शिवाय जातीचे दाखले आणि त्यांची पडताळणी यांबाबतच्या राज्याच्या 2001 च्या कायद्यानुसार फौजदारी खटलाही चालतो.

बौद्ध कुटुंबांची अडचण थोडी वेगळी आहे. 14 ऑक्टोबर 1956 नंतर अनेक शाळांनी जातीच्या रकान्यात नुसतं 'बौद्ध' लिहिलं. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या, पण धर्मांतरापूर्वीची जात कोणती हे दाखवावंच लागतं. म्हणून 1956 पूर्वीची, 'महार' किंवा जी असेल ती, आजोबांची नोंद शोधा. दाखलाही बौद्धांसाठीच्या वेगळ्या नमुन्यात मिळतो, सेतूत अर्ज भरतानाच तो नमुना निवडा.

दाखल्याचा अर्ज

अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर स्वतः भरता येतो, नाहीतर सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून. दाखला देतात उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपल्या बोलण्यातले प्रांत. मुंबईत हे काम उपजिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. ओळख आणि पत्त्याचा पुरावा, अर्जदाराचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा दाखला, मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा आणि वंशावळीसह शपथपत्र जोडा. शपथपत्र साध्या कागदावर चालतं. शैक्षणिक कामाच्या अशा शपथपत्रांवरचा 500 रुपयांचा मुद्रांक सरकारने 2025 मध्ये माफ केला आहे, कुणी स्टॅम्प आणायला सांगितलं तर हे ठामपणे दाखवा. सेवा हक्क कायद्याखाली दाखल्याला 21 दिवसांची मुदत आहे. पोचपावती जपा, पुढच्या तक्रारीला तीच लागते. अर्ज फेटाळला तर लेखी आदेश मागून घ्या आणि 30 दिवसांत अपील करा.

मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचं आता बरंच बोलणं चालू आहे. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामाच्या राजवटीतल्या नोंदींचा, आधार घेऊन गावपातळीवर समिती नेमली. तीत ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी असतात. अर्जदाराने 13 ऑक्टोबर 1967 पूर्वी आपले पूर्वज त्या भागात राहत होते याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, मग स्थानिक चौकशी होते. ओबीसी नेत्यांचा याला विरोध आहे, मराठा समाजातल्या अनेकांना हे अपुरं वाटतं. अर्जदारापुरतं लक्षात ठेवायचं ते एवढंच की असा दाखलाही पुढे पडताळणी समितीपुढे जातोच, आणि तिथे कागदच बोलतो. कुणबी दाखला घेतलात तर तुम्ही ओबीसी झालात, त्याच वेळी मराठा किंवा आर्थिक दुर्बल प्रवर्गातून अर्ज करता येत नाही.

नॉन-क्रिमिलेअर: पगार धरायचा की नाही

मर्यादा 8 लाखांची आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या 8 लाखांत आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे बऱ्याच पालकांना कुणी सांगतच नाही. सरकारी नोकराच्या बाबतीत पगार नाही, पद पाहतात. आई-वडिलांपैकी एकजण थेट भरतीने वर्ग एकचा अधिकारी असेल, किंवा दोघेही थेट भरतीने वर्ग दोनमध्ये असतील, तर मूल क्रिमिलेअरमध्ये जातं. दोघेही वर्ग तीनचे कर्मचारी असतील आणि दोघांचा मिळून पगार वर्षाला 14 लाख होत असेल, तरी इतर उत्पन्न मर्यादेत असल्यास मूल नॉन-क्रिमिलेअरच. 'तुमचा पगार बसत नाही' एवढं तोंडी ऐकून परत जाणारे शिक्षक आणि लिपिक आई-बाप मी खूप पाहिले आहेत, आणि दर वेळी जीव हळहळतो. खिडकीवरून तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नका. पदाचं प्रमाणपत्र आणि इतर उत्पन्नाचा तपशील जोडून अर्ज दाखल करा. खासगी नोकरीत मात्र पदांची समकक्षता ठरलेली नसल्याने पगार स्वतंत्रपणे तपासला जातो.

लग्न झालेल्या मुलीच्या बाबतीतही जात वडिलांकडचीच आणि क्रिमिलेअरही आई-वडिलांवरूनच ठरतं. नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे सांगा.

पडताळणी: खरी परीक्षा

1994 मध्ये कुमारी माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समिती आणि दक्षता पथकाची चौकट घालून दिली. तो खटला महादेव कोळी जमातीच्या दाव्यावर मेडिकलला घेतलेल्या प्रवेशाचा होता. त्यावर राज्याने 2001 चा कायदा केला. त्यातल्या कलम 8 प्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे. बनावट दाखल्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा गिळल्या, त्यामुळे तपासणी कडक असायलाच हवी. पण पालावर जन्मलेल्या, गाव ना शिव अशा भटक्या कुटुंबाकडे 1961 पूर्वीचा कागद मागणं म्हणजे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेपासून दूर ठेवलं त्यांनाच शाळेचा पुरावा विचारणं आहे. अशा कुटुंबांनी हताश होऊन अर्जच टाळू नये. कागद अपुरे असतील तेव्हा गृहचौकशी होते. कुलदैवत, देवक, चालीरीती, बोली, नातेसंबंध यांची माहिती घेतली जाते. घरातल्या जाणत्या म्हाताऱ्या माणसाला त्या दिवशी घरी थांबवा, उत्तरं त्यांनाच देऊ द्या.

अनुसूचित जमातींची प्रकरणं आदिवासी विकास विभागाच्या समित्यांकडे जातात, बाकीच्यांची जिल्हा समितीकडे. जिल्हा समितीचा अर्ज बार्टी या सरकारी संस्थेच्या ऑनलाइन प्रणालीत भरायचा, मग मूळ कागद समितीत दाखवायचे. विद्यार्थ्यांसाठी नमुना 16 मधला अर्ज, वंशावळीचं शपथपत्र नमुना 3 मध्ये आणि माहिती खरी असल्याचं नमुना 17 मध्ये. कॉलेजचं पत्र लागतं, म्हणून विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच अर्ज टाकावा. सीईटीच्या वेळी टाकलात तर समितीत ढीग साचलेला असतो. मुदतवाढ कधी मिळते, कधी नाही, तिच्या भरवशावर राहू नका.

सख्खे काका, वडील, भाऊ, आत्या, चुलत भाऊ यांपैकी कुणाची व्हॅलिडिटी असेल तर ती सर्वांत वर जोडा. अपूर्वा निचळे प्रकरणात 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळालेली असेल आणि ती फसवणुकीने घेतलेली नसेल, तर पुन्हा पहिल्यापासून चौकशी नको. जमातींच्या बाबतीत 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की चालीरीती जुळतात की नाही ही एकमेव कसोटी नाही, मानीव दिनांकापूर्वीच्या कागदाला जास्त महत्त्व आहे. दोन्ही निकालांच्या प्रती फाइलला लावा.

नवऱ्याने सोडलेली किंवा एकटी आई मुलाला वाढवत असेल तर बहुतेक ठिकाणी 'वडिलांचे कागद आणा' हेच ऐकावं लागतं. मूल आईच्या समाजात वाढलं आणि त्या समाजाच्या वाट्याचे भोग त्याने भोगले, हे पुराव्याने दाखवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये रमेशभाई नायका प्रकरणात म्हटलं आहे. आंतरजातीय विवाहातल्या मुलांनाही त्याचा आधार मिळतो. आईचे, मामांचे, आजोळच्या शाळेचे कागद घेऊन अर्ज करा.

समितीने दावा अवैध ठरवला तर तिच्यावर सरकारी अपील नाही, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. म्हणून दक्षता पथकाचा अहवाल विरोधात गेला आणि कारणे दाखवा नोटीस आली, तर तिला मुदतीत, लेखी आणि मुद्देसूद उत्तर द्या. पुढे न्यायालय तेच उत्तर वाचतं. नोकरीत असाल तर आणखी सावध राहा: 2017 च्या जगदीश बहिरा निकालानंतर अवैध दाखल्यावर मिळालेल्या नोकरीला संरक्षण उरलेलं नाही. राज्यात अशा अनेक कर्मचाऱ्यांना डिसेंबर 2019 च्या निर्णयाने 11 महिन्यांच्या अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या बाहेरच्या तात्पुरत्या, पदांवर टाकलं गेलं.

व्हॅलिडिटी एकदा मिळाली की ती आयुष्यभराची. तिच्या साक्षांकित प्रती धाकट्या भावंडांसाठी आणि चुलत भावंडांसाठीही काढून ठेवा.