आडव्या पट्ट्या आणि रस्त्यातलं रेडियम

आमच्या गावच्या फाट्यापासून थोडं पुढे नाला आहे आणि नाल्याच्या अलीकडे रस्ता एकदम डावीकडे वळतो. अनोळखी गाडीवाला रात्री तिथून सरळ तुरीच्या वावरात उतरतो. दोन पावसाळ्यांआधी ग्रामसभेत ठराव झाला, ‘वळणावर रेडियमचे ब्रेकर बसवावे.’ रेडियमचा ब्रेकर म्हणजे नेमकं काय, हे ना ठराव लिहिणाऱ्याने विचारलं, ना तो वाचणाऱ्या साहेबाने. काही महिन्यांनी वळणाआधी पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे दोन जथे उमटले. आता गाड्या खडखडत येतात, जराशा हळू होतात, आणि वावरात जायच्या त्या अजूनही जातात.

चूक पट्ट्यांची नाही, आम्ही मागितलंच भलतं. आपल्याकडे रस्त्यावर उचललेलं दिसलं की तो ब्रेकर आणि रात्री चमकलं की ते रेडियम. खरं रेडियम त्यात औषधालाही नसतं. बैलबंडीमागे चिकटवतो ती पट्टीही नुसती परावर्तनाची. पण शब्द रुळला आहे, तर मीही तोच वापरतो.

रंबल स्ट्रिप म्हणजे रस्त्यावर आडव्या, थोड्या उंच पट्ट्या, एकामागे एक. ती चाकाशी बोलते, चाक हँडलशी, हँडल हाताशी. झोपाळलेल्या माणसालाही ती कळते, कारण तिला डोळे लागत नाहीत. रोड स्टड, म्हणजे ज्याला कोणी कॅट आय म्हणतं, तो तळहाताएवढा चौकोनी ठोकळा. खाली दांडा, तो डांबरात रुतवून चिकटवलेला. उंची दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. त्याचं बोलणं फक्त डोळ्याशी, तेही अंधारात, आणि तुमच्या गाडीचा दिवा लागला असेल तरच. पट्टी सांगते, ‘हळू हो.’ स्टड सांगतो, ‘रस्ता इकडे आहे.’ आमच्या वळणाला दुसरं वाक्य हवं होतं.

गोंधळाला कारणही आहे. पट्ट्या गरम थर्मोप्लास्टिक रंगाच्या असतात आणि त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात, म्हणून नव्या असताना त्याही चमकतात. उलट बऱ्याच ठिकाणी ब्रेकरच्या आधी स्टडचीच आडवी ओळ ठोकलेली असते. चाक गेलं की टक-टक-टक. तिथे स्टड पट्टीचं काम करतो आणि दोन हंगामांत उखडतो. ही वेड्या बाभळीला आंबे मागण्याची रीत मला तरी पटत नाही.

पट्टीबद्दल एक गंमत. पट्ट्या मीटर-मीटर अंतरावर असतील तर ताशी 80 किलोमीटरला सेकंदाला बावीसेक दणके बसतात, चाळीसला अकरा. दणके दुप्पट म्हणजे त्रासही दुप्पट असायला हवा, पण वेग वाढला की चाक दोन पट्ट्यांमध्ये नीट खाली येतच नाही, गाडीचं अंग कमी हलतं. आमच्याकडची पोरं हे शास्त्र न शिकता जाणतात. ‘जोरात काढ बे, लागत नाई’ म्हणून बुलेट रेटतात. म्हणजे हळू जाणाऱ्याला शिक्षा आणि जोरात जाणाऱ्याला सूट. पाणी वाहून जावं म्हणून पट्ट्या कडेला थोड्या आधीच संपवतात, तर तिथून मोटारसायकलवाल्यांनी काळ्या मातीत वेगळी वाटच पाडली आहे. पावसाळ्यात त्या वाटेवर घसरून जितके पडले असतील, तितके पट्ट्यांनी वाचवले का, असं कधी कधी वाटतं.

रंबल स्ट्रिप मुळात आडवीच असते, हाही आपला समज. अमेरिकेत तिचं मोठं काम रस्त्याच्या कडेने, उभ्या ओळीत चालतं. न्यू जर्सीतल्या गार्डन स्टेट पार्कवेवर 1952 मध्ये कडेला असे खडबडीत पट्टे केले, त्यांना ‘गाणारी कड’ म्हणत. पुढे डांबरातच खाचा कोरायची पद्धत आली. चालकाला डुलकी लागून गाडी कडेला सरकली की खालून घरघर सुरू होते आणि तो जागा होतो. तिथे पट्टी वेग कमी करायला नाही, झोप मोडायला आहे. आपल्याकडे तीच कडेची खाच आणली तर? आपली कड रिकामी नसते. तिथून बंडी जाते, सायकलवरची शाळकरी पोरगी जाते, डोक्यावर भारा घेतलेली बाई जाते. अमेरिकेतही सायकलवाल्यांसाठी खाचांमध्ये मोकळी जागा सोडावी लागली. इथे दिवाळीच्या आधी आख्खी कडच सोयाबीन वाळवायला घेतलेली असते!

स्टडची गोष्ट इंग्लंडची. हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉने 1934 मध्ये पेटंट घेतलं, पुढच्या वर्षी कारखाना काढला. त्याच्या स्टडमधली हुशारी मला आजही थक्क करते. काचेचे डोळे रबरात बसवलेले. गाडीचं चाक वरून गेलं की डोळे खाली दबतात आणि रबर पापणीसारखं पुसून घेतं. खालच्या खळग्यात पावसाचं पाणी साचतं, तेच धुवायला. आपल्याकडचा प्लास्टिकचा स्टड डोळे मिटत नाही. वणीच्या कोळशाच्या ट्रकांची धूळ बसली, ट्रॅक्टरने वावरातला गारा-चिखल आणून टाकला, की पहिला चांगला पाऊस येईपर्यंत तो आंधळा.

त्याला पारखायचं तर रात्री मोबाईलचा टॉर्च कानशिलाला लावून वीस पावलांवरून बघा. भकन पेटेल. आता टॉर्च शेजारच्याच्या हाती देऊन त्याला दोन हात बाजूला उभं करा, विझला. प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवणं, एवढंच तो जाणतो. रोह्याचे, म्हणजे नीलगाईचे, डोळेही असेच पेटतात. फरक इतकाच की स्टड जमिनीला चिकटून रांगेत असतात, रोही कमरेच्या वर आणि एकटा, आणि तो रांग मोडून मध्येच येतो.

रंगांचंही एक व्याकरण आहे. चौपदरी रस्त्यावर आपल्याकडे डाव्या कडेला लाल, उजवीकडे दुभाजकाच्या बाजूने पिवळे, पदरांमधल्या रेघांवर पांढरे, बाहेर पडायच्या वाटेवर हिरवे. इंग्लंडमध्येही जवळपास असंच, कारण दोघंही डावीकडून चालतात. अमेरिकेत गाडी उजवीकडून, म्हणून दुभाजकाचा पिवळा चालकाच्या डाव्या हाताला. तिथे समोरून लाल दिसले तर तुम्ही उलट्या दिशेने घुसलात. आणि निळा दिसला तर जवळ आग विझवायचा नळ आहे, गाडीवाल्याचा त्याच्याशी संबंध नाही. गावरस्त्यावर मात्र ठेकेदाराच्या पोत्यात जो रंग उरला तो.

दोन्ही कामं एकाच वस्तूत घालायचा प्रयत्न कॅलिफोर्नियात झाला. तिथल्या महामार्ग खात्याचे रसायनतज्ज्ञ एल्बर्ट बॉट्स यांच्या नावाने ओळखले जाणारे चिनीमातीचे गोल ठिपके पदरांच्या रेघेवर लावत. पदर सोडला की चाकाखाली टकटक. जिथे बर्फ पडतो तिथे मात्र ते चालले नाहीत. बर्फ खरवडणारं फाळ ठिपकेही खरवडून नेई. कॅलिफोर्नियानेही 2017 मध्ये नवे ठिपके लावणं बंद करायचं ठरवलं.

आपल्याकडे बर्फ कुठला, पण फाळ आहे. भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर केजव्हीलसकट, म्हणजे चिखलणीच्या लोखंडी चाकांसकट, धानाच्या एका बांधीतून दुसऱ्या बांधीत डांबरी रस्त्याने जातात. लोखंडी दात स्टडची डोकी उडवतात आणि डांबरावर ओरखड्यांची रांगोळी काढतात. इकडे यवतमाळ-अकोल्याकडे दुखणं वेगळं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यासोबत कडेचं डांबर उलतं आणि कडेचा लाल स्टड डांबरासकट नालीत. वैशाखात डांबर मऊ पडलं की भरल्या ट्रकखाली दांडा हलतो; निघालेल्या स्टडच्या भोकात पाणी शिरतं, तिथूनच खड्डा सुरू. म्हणजे धानपट्ट्यात स्टड वरून मरतो, कापूसपट्ट्यात खालून. पट्टी दोन्हीकडे झिजूनच जाते, फक्त शेजारच्या घराला ते लवकर व्हावंसं वाटतं. रात्रभर रिकाम्या ट्रॉल्या तिच्यावरून वाजत जातात.

यंदा ठराव पुन्हा लिहिला. पट्ट्या आहेत तिथे राहू द्या, पण वळणाच्या बाहेरच्या कडेला रोड स्टड, जवळजवळ, आणि त्यांच्यामागे बाणाचे फलक. जिथला स्टड गेला तिथेही फलक दिसेल. स्टड बसले बारा. दिवाळीपर्यंत नऊ राहिले. दोन ट्रॅक्टरने नेले. तिसरा मला परवा दिसला, अंधारात, माझ्या दिव्यात लालभडक, पण तो हळूहळू पुढे सरकत होता. जवळ गेलो तर काकांची बंडी. मागच्या फळीला तारेने बांधून ठेवलेला.

‘काका, हा रोडचा नाही का?’

‘रोडवरच त हाये बाप्पा,’ काका म्हणाले आणि बैलांना हाकललं.