बोट पाण्यावर उठते तेव्हा

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी पंचगंगेनं केव्हाच ओलांडली होती. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली, आंबेवाडीकडची माणसं रबरी बोटींतून बाहेर काढली जात होती आणि आम्ही काठावर चहा-बिस्किटं घेऊन उभे होतो. त्या गडबडीतही एक गोष्ट डोळ्यांत भरली. माणसं भरून येणारी बोट नाक वर करून, मागं पाण्याचा ढीग ओढत, रडतखडत यायची. इंजिन मात्र पूर्ण रेसवर. माणसं उतरली की तीच बोट परत फिरायची, काही सेकंदांत तिचं नाक खाली बसायचं आणि बुडालेल्या उसावरून ती सणसणत निघून जायची. एका खेपेला चालवणाऱ्यानं मागच्या बाजूला दाटीनं बसलेल्या दोघींना ओरडून सांगितलं, “मावशी, पुढं सरका की! नाक बसू दे.” त्या सरकल्या आणि भरलेली बोटसुद्धा उठली. इंजिन तेच, माणसं तेवढीच. फक्त वजनाची जागा बदलली.

बोटीच्या वेगाचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. ‘किती हॉर्सपॉवरचं मशीन आहे?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. खरा प्रश्न असा, की बोट पाण्यातून चालते आहे की पाण्यावरून?

पाण्यातून चालणारी बोट पाणी बाजूला सारते आणि सारताना लाट उठवते. वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते. एक वेळ अशी येते, की लाटेची लांबी आणि बोटीची पाण्यातली लांबी सारखी होते. नाकापाशी एक शिखर, शेपटीपाशी दुसरं, आणि बोट मधल्या खळग्यात. आणखी रेस दिली की मागचं शिखर बोटीच्याही मागं सरकतं, शेपूट खळग्यात घसरते, नाक वर उचललं जातं आणि बोट स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. लाट तिच्याबरोबरच पुढं जात असल्यामुळं हा चढ कधी संपतच नाही. हीच बोटीच्या वेगाची भिंत. ती किती वेगावर येते, ते काढायला सोपं आहे. बोटीची पाण्यातली लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साडेचारनं गुणा, म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये उत्तर येतं. चार मीटरच्या बोटीला ९, नऊ मीटरच्या बोटीला साडेतेरा. कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, त्या होड्या लांब आणि अरुंद का, याचं एक कारण इथं आहे. लांबीमुळं भिंत पुढं सरकते आणि अरुंदपणामुळं लाटच लहान उठते.

लाट आणि लांबीचं हे नातं नीट बांधलं ते विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यानं. १८७० च्या दशकात टॉर्की इथं घराजवळ लांब हौद बांधून त्यानं जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि प्रतिकृतीवरून खऱ्या जहाजाचा विरोध कसा काढायचा ते दाखवलं. आजही जहाज बांधण्याआधी हौदात प्रतिकृती ओढली जाते.

ही भिंत ओलांडायचा दुसरा रस्ता रंकाळ्यावर लहानपणी आपण सगळ्यांनी पाहिला आहे. चपटी खापरी तिरकी भिरकावली की पाण्यावर भाकऱ्या निघतात. खापरी पाण्यापेक्षा जड असते, तरी बुडत नाही, कारण वेगात असताना ती पाणी खाली दाबते आणि पाणी तिला वर ढकलतं. बोटीचा सपाट तळ थोडा नाक वर करून पुरेशा वेगानं ढकलला की हेच होतं. आता बोटीचं वजन तरंगण्यावर नाही, तर तळावर आदळणाऱ्या पाण्यावर तोललं जातं. तळाचा बराच भाग पाण्याबाहेर येतो, ओला भाग कमी होतो आणि घर्षणही कमी होतं. याला प्लेनिंग म्हणतात. त्याआधीचा चढ हाच खरा कठीण. मागं वजन असेल तर नाक फार वर राहतं आणि इंजिनाची बरीचशी ताकद बोट पुढं ढकलण्याऐवजी पाण्याचा ढीग ओढण्यात जाते. मावशी पुढं सरकल्या म्हणजे बोटीला तो चढ पार करता आला.

एकदा पाण्यावर आल्यावर बोट किती पळेल, ते तळ ठरवतो. अगदी सपाट तळ सर्वांत लवकर उठतो, पण लाट आली की पाठीचा कणा हलवतो. इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ लाट कापत जातो, मात्र त्याला उचलायला जास्त ताकद लागते. अमेरिकेचे बोटरचनाकार रे हंट यांनी तळाच्या दोन्ही बाजूंना सुमारे २४ अंशांचा उतार थेट मागच्या टोकापर्यंत कायम ठेवला. ‘मॉपी’ नावाच्या तशा बोटीनं १९६० ची मायामी ते नासाऊ ही शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि समुद्रातल्या वेगवान बोटींचा तळ बदलून गेला. काही बोटींच्या तळाला आडव्या पायऱ्या असतात. पायरीमागं बाजूनं हवा ओढली जाते आणि तेवढा तळ कोरडा राहतो.

माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तळाचा शेवटचा मीटरभर भाग. वर्कशॉपमधली सरळ पट्टी तिथं लांबीच्या दिशेनं लावून पाहा. मागच्या कडेला तळ किंचित खाली वाकला असेल, तर शेपूट उचलली जाते, नाक दाबलं जातं, ओला भाग वाढतो आणि वेग पडतो. उलट तळ फुगीर असेल, तर बोट घोड्यासारखी वरखाली उड्या मारू लागते. ट्रेलरवर चुकीच्या ठिकाणी टेकून ठेवलेल्या बोटीत असा बाक येऊ शकतो. मालक मात्र दोष इंजिनाला देतो.

आता इंजिन. प्लेनिंग बोटींसाठी ढोबळ नियम असा, की वेग हा ताकद भागिले वजन याच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतो. म्हणजे ४० हॉर्सपॉवरचं मशीन काढून ८० चं बसवलं, तरी वेग दुप्पट होत नाही, जेमतेम चाळीस टक्के वाढतो. तोही नव्या मशीनचं जादा वजन धरलं नाही तर. दुप्पट वेगाला चौपट ताकद लागते.

ती ताकद पाण्यात उतरवतो पंखा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, वाढलेल्या माणसाला पंख्याचा पिच समजावून सांगावा लागत नाही. बोल्ट एका फेऱ्यात जितका पुढं जातो तो आट्याचा पिच, पंखा एका फेऱ्यात जितका पुढं जायला हवा तो पंख्याचा. समजा पिच १३ इंच, इंजिन मिनिटाला ५५०० फेरे, गिअर दोनास एक. पंखा २७५० फेरे फिरला, प्रत्येक फेऱ्याला ३३ सेंटिमीटर. हिशेब तासाला ५४ किलोमीटरच्या थोडा वर जातो. पण पाणी म्हणजे लोखंडी नट नव्हे, पंखा त्यात घसरतो. पंधरा टक्के घसरण धरली तर हातात ४६ उरतात. पिच फार मोठा घेतला तर इंजिन फेरे गाठू शकत नाही आणि दमतं, फार लहान घेतला तर फेरे उगाच वर जातात. म्हणून पूर्ण रेसवर फेरे किती, हे आधी पाहायचं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. हवा विरळ असल्यानं साध्या इंजिनाची पाचेक टक्के ताकद इथं कमी भरते, त्यामुळं मालवणला जमलेला पंखा पंचगंगेत किंचित जड वाटू शकतो.

पंखा वेगात फिरला की पात्याच्या पाठीवर दाब इतका घटतो, की पाणी थंड असूनही उकळतं. त्याचे बुडबुडे फुटताना धातू कुरतडतात. आपल्याकडच्या पंपवाल्यांनी इम्पेलरवर ही खड्ड्यांची नक्षी पाहिलेली असते, तेच हे कॅव्हिटेशन. वाफेच्या टर्बाइनचा इंग्रज जनक चार्ल्स पार्सन्स याची ‘टर्बिनिया’ ही बोट १८९४ मध्ये पाण्यात उतरली, तेव्हा टर्बाइनची एवढी ताकद असूनही एका पंख्यावर तिला ताशी ३७ किलोमीटरही गाठता येईनात. कारण हेच कॅव्हिटेशन. पार्सन्सनं ताकद वाटून देण्यासाठी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसवले. १८९७ पर्यंत तीच बोट साठीच्या पुढं पळू लागली.

पंख्याइतकीच महत्त्वाची त्याची उंची. आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेल्या मशीनचा पाण्यातला पाय हा वेगात मोठा अडसर असतो. मशीन मागच्या फळीवर थोडं वर चढवलं की अडसर घटतो. फार वर गेलं की पंखा हवा खातो, इंजिन किंचाळतं, बोट ढिली पडते आणि थंड करणारं पाणी ओढणारी छिद्रंही उघडी पडतात. शर्यतीचे पंखे मुद्दाम अर्धे पाण्याबाहेर फिरतील असेच घडवतात. मशीनचा कल बदलूनही फरक पडतो. सुरुवातीला पंखा आत घ्यायचा, म्हणजे नाक दबतं आणि बोट लवकर उठते. उठल्यावर हळूहळू बाहेर काढायचा, म्हणजे नाक हलकं होतं आणि तळ आणखी सुटतो. ताबा सुटायच्या आधी थांबायचं.

हे सगळं शेवटपर्यंत ताणलं की काय होतं, ते नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्रात कृष्णेवर दिसलं. फॉर्म्युला वन पॉवरबोटींची शर्यत तिथं झाली. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा जिला मिळते तीच ही कृष्णा. या बोटींना दोन बाजूंना दोन तळ आणि मध्ये बोगदा असतो. बोगद्यात कोंडलेली हवा बोट उचलून धरते. ताशी दोनशेच्या पुढं पाण्याला टेकलेला असतो तो तळाचा मागचा तुकडा आणि पंखा. पण हीच हवा जीवही घेते. ४ जानेवारी १९६७ ला इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तळ्यात, पाण्यावरच्या वेगाच्या विक्रमासाठी उतरलेल्या डोनाल्ड कॅम्पबेल यांच्या ‘ब्लूबर्ड’ बोटीचं नाक ठरावीक कोनापलीकडं उचललं गेलं, बोट हवेत उलटली आणि ते गेले. ८ ऑक्टोबर १९७८ ला ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांनी घराच्या मागच्या अंगणात बांधलेल्या लाकडी बोटीवर विमानाचं जुनं जेट इंजिन बसवून ताशी ५११ किलोमीटरचा पाण्यावरचा विक्रम केला.

पुराच्या त्या दिवशी पाऊस थांबत नव्हता. दर खेपेनंतर तो चालवणारा मशीन बंद करून तेलाच्या कापलेल्या डब्यानं बोटीतलं पाणी उपसायचा. वेळ मोडतोय म्हणून काठावरची पोरं कुरकुरत होती. मी नंतर घरी हिशेब केला. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद तळ आणि त्यावर पाच सेंटिमीटर पाणी, म्हणजे दीडशे किलो. दोन-अडीच माणसांचं ओझं. ते सगळं मागं जमायचं, नेमकं मावशी बसल्या होत्या तिथं. शेवटचा डबा उपसून त्यानं दोरी ओढली आणि चिखलीच्या दिशेनं बोट पुन्हा पाण्यावर उठली.