मनुष्यबळ नियोजनावर परिणाम करणारे घटक

मनुष्यबळ नियोजन : पुढच्या काळात कोणत्या कामाला, कोणत्या कौशल्याची, किती माणसे आणि केव्हा लागतील याचा अंदाज बांधून भरती, प्रशिक्षण व पाळ्यांची आखणी करणे. या आखणीत सर्वांत जास्त चुका होतात त्या पटावरची माणसे मोजल्यामुळे. मोजायचे असतात ते कामावर प्रत्यक्ष मिळणारे तास.

कामाचा भार उलाढालीवरून काढू नये. दर वाढले की उलाढाल वाढते, काम मात्र तेवढेच राहते. नग, बिले, खेपा किंवा फोन मोजावेत आणि प्रत्येकाला लागणाऱ्या मिनिटांनी गुणावे. यंत्राची जुळणी, पाळी बदलताना जाणारा वेळ आणि परत आलेल्या मालाची दुरुस्ती या हिशेबातून हमखास सुटते.

मिळणारे तास काढताना रजा, आजारपण, सुट्ट्या व प्रशिक्षण वजा करावे लागते. चोवीस तास, वर्षभर चालू ठेवायची एक जागा घेऊ. आठवड्याचे १६८ तास भागिले एका माणसाचे ४० तास म्हणजे ४.२, म्हणून चार माणसे पुरतील असे वाटते. पण वर्षाच्या २,०८० तासांतून २० दिवस रजा, १० सुट्ट्या, ७ दिवस आजारपण आणि ५ दिवस प्रशिक्षण वगळले, की माणशी १,७४४ तास उरतात. जागेला ८,७६० तास हवेत. म्हणजे पाच माणसे लागतात. चारच नेमली तर प्रत्येकावर वर्षाला ४४६ तासांचा ओव्हरटाइम पडतो, जवळपास दर आठवड्याला एक जादा पाळी. थकव्याने गैरहजेरी वाढते आणि ती भरून काढायला पुन्हा ओव्हरटाइमच द्यावा लागतो. हे चक्र पगाराच्या खर्चात उशिरा दिसते, हजेरीपटावर आधी.

मागणीतील चढउतारही सरासरीने झाकले जातात. डॅनिश गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेले रांगेचे गणित आजही कॉल सेंटरमध्ये वापरतात. तासाला १०० फोन आणि प्रत्येकाला सरासरी ६ मिनिटे, म्हणजे १० माणसांचे पूर्ण काम. फोन अनियमित अंतराने येत असल्याने दहाच माणसे बसवली तर रांग वाढतच जाते. अकरा असतील तर सरासरी ४ मिनिटे थांबावे लागते, बारा असतील तर सुमारे ८० सेकंद, तेरा असतील तर ३५ सेकंदांच्या आत. पहिला वाढीव माणूस फार मोठा फरक पाडतो, त्यापुढच्या प्रत्येकाचा फायदा घटत जातो. म्हणून ग्राहकाने किती वेळ थांबलेले चालेल हे आधी ठरवावे, माणसे त्यानंतर. हंगामी गर्दीसाठी कंत्राटी किंवा अर्धवेळ माणसे घेता येतात, मात्र काम थोडक्यात शिकवता येण्यासारखे असेल तरच.

गळती म्हणजे वर्षात सोडून गेलेल्यांचे सरासरी पटाशी असलेले प्रमाण. शंभर जणांच्या विभागातून वर्षाला १८ जण जात असतील, जागा भरायला दोन महिने आणि शिकवायला तीन महिने लागत असतील, तर सरासरी साडेसात जागांचे काम कायम अडलेले असते. राजीनामा हातात आल्यावर भरती सुरू करणाऱ्यांना हे अंतर कधीच भरता येत नाही. एकूण टक्का पुरेसा नसतो. पहिल्या सहा महिन्यांत जाणारे आणि दहा वर्षांनी जाणारे वेगळे मोजावेत, कारण पहिल्या गटाचा दोष बहुधा निवडीत किंवा सुरुवातीच्या प्रशिक्षणात असतो.

कायदा कमाल मर्यादा घालतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या पहिल्या कराराने उद्योगांत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. प्रत्यक्ष नियम देशागणिक बदलतात. अर्थसंकल्पात पगाराखेरीज विमा, निवृत्तिवेतन, जागा व साधने धरावी लागतात.

नवे यंत्र आले की माणसे लगेच कमी होतात असे गृहीत धरणे घातक असते. बदलाच्या काळात जुने आणि नवे काम शेजारी शेजारी चालते, शिवाय शिकवायला अनुभवी हात अडकतात, त्यामुळे काही महिने गरज उलट वाढते.

एकाच सुमारास भरती झालेले लोक एकाच सुमारास निवृत्त होतात, म्हणून वयोगटांचा तक्ता किमान पाच वर्षे पुढचा ठेवावा. त्याशेजारी कामे आणि ती येणारी माणसे असा दुसरा तक्ता असावा. ज्या कामासमोर एकच नाव आहे, तिथे दुसऱ्याला तयार करणे नव्या भरतीच्या आधी करावे.