आंतरवासितेतील वर्गकाम

बी.एड.चा छात्राध्यापक आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाच्या काळात, जी रोजची कामे शिकतो, ती म्हणजे वर्गकाम : हजेरी, फलकलेखन, वह्या गोळा करणे, तास सुरू करणे व संपवणे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शाळेसाठी किमान २० आठवडे आहेत : पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६.

महाविद्यालयात आधी सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठांचा सराव, होते. शिकवणे ६ मिनिटे, प्रत्याभरण (त्यावरचा अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा शिकवणे ६, पुन्हा प्रत्याभरण ६, असे ३६ मिनिटांचे चक्र. समोर सहाध्यायीच बसलेले असल्याने तिथे ना कोणी उशिरा येतो, ना कोणाची वही घरी राहते. म्हणूनच टाचण, म्हणजे पाठाचे लेखी नियोजन, चोख असूनही शाळेतला पहिला तास कोलमडतो.

हजेरीपट, म्हणजे शिक्षकांच्या बोलीतला कॅटलॉग, पहिल्या तासाला भरतात. नावे पुकारण्याआधी डोकी मोजावीत. पटावर ५२ आणि वर्गात ४६ असतील तर गैरहजर बरोबर ६ निघाले पाहिजेत. मुलगे-मुलींची बेरीज वेगळी करावी; खाडाखोड नको. आकडा चुकला तर अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या पोषण आहाराची नोंदही चुकते, म्हणून मार्गदर्शक शिक्षक इथे सूट देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

फळ्यावर वरच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट व हजर संख्या लिहितात. लिहिताना अंग वर्गाकडे तिरके ठेवावे. पाठ फिरली की मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. खडू किरकिरत असेल तर तो मोडून अर्धा करावा आणि तिरका धरावा. ओळ लिहून झाली की शेवटच्या बाकाजवळ जाऊन ती वाचून पाहावी. हा साधा उपाय फार थोडे जण करतात.

सर्वाधिक गोंधळ साहित्य वाटताना होतो. तक्ता किंवा कार्डे हातात पडली की सूचना कोणी ऐकत नाही. म्हणून आधी सूचना द्यावी, ती एका मुलाकडून वदवून घ्यावी, मगच वाटप करावे. वह्या एकेकाला टेबलाशी बोलावून न घेता मागच्या बाकावरून पुढे सरकवाव्यात. पन्नास मुलांच्या वर्गात यानेच पाच-सहा मिनिटे वाचतात, आणि ३५ मिनिटांच्या तासात तेवढी मिनिटे म्हणजे एक उपघटक.

शाळा पुण्यात असेल तर टाचणात तारखा टाकताना तिथले वर्षच डोळ्यांसमोर हवे. पालख्यांच्या मुक्कामाचे दिवस, गणेशोत्सव आणि सहामाही परीक्षा यांमुळे पाठ पुढे ढकलले जातात. बदली तास, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा तास, मात्र न सांगता पदरात पडतो; त्यासाठी साहित्याशिवाय घेता येईल असा एक पाठ कायम तयार असावा.

घंटेआधी तीन मिनिटे शिकवणे थांबवून गृहपाठ फळ्यावर लिहावा, तो मुलांनी उतरवला की फळा पुसून पुढच्या शिक्षकांसाठी मोकळा करावा.