ब्लू सिल्की आणि लॅव्हेंडर सिल्की: दोन्ही राखाडी, पण ब्रीडिंगला अजिबात सारख्या नाहीत

कुडाळपासून दापोलीपर्यंत सिल्की, म्हणजे रेशमी मऊ पिसांची कोंबडीची जात, पाळणारे वाढलेत, चांगलंच आहे, पण कुठलाही फिकट राखाडी पक्षी लॅव्हेंडर म्हणून दामदुप्पट भावाने विकायचा हे आता थांबायला हवं. बरेचदा तो फिकट ब्लूच असतो आणि घेणाऱ्याला ते कळतं थेट पिल्लं निघाल्यावर.

ब्लू तुम्हाला माहितीय. ब्लू जीनची एक कॉपी असली की काळ्याचा ब्लू होतो, दोन असल्या की स्प्लॅश (पांढरट अंगावर राखाडी शिंतोडे), म्हणून ब्लूवर ब्लू लावला, म्हणजे जोडी लावली, की साधारण निम्मी ब्लू, पाव काळी, पाव स्प्लॅश. सगळी ब्लू हवीत तर काळ्यावर स्प्लॅश लावा, विषय संपला.

लॅव्हेंडर हा वेगळाच जीन, आणि तो आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. लॅव्हेंडरवर लॅव्हेंडर लावला की सगळी लॅव्हेंडर. शुद्ध काळ्यावर लावला की सगळी काळी, पण जीन आत लपलेला, त्यांना स्प्लिट म्हणतात. आणि "रंग उठावदार होईल" म्हणून लॅव्हेंडरवर ब्लू लावतात त्याची मला खरंच चीड येते, कारण त्यातून लॅव्हेंडर एकही निघत नाही, निम्मी ब्लू निम्मी काळी, वर सगळी स्प्लिट, आणि पुढच्या पिढ्यांत दोन्ही जीन एकाच पक्ष्यात आले की कोण काय हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही.

आता बघून ओळखायचं कसं. दुसऱ्या जातींत ब्लू पिसाला बहुतेकदा गडद कड असते, पण सिल्कीचं पीस एकमेकांत अडकून सपाट होतच नाही, त्यामुळे कड दिसत नाही आणि इथेच सगळे फसतात. म्हणून टोप (डोक्यावरचा पिसांचा झुपका) आणि मान बघा. ब्लूचा टोप-मान अंगापेक्षा गडद, कोंबड्याची तर पाठही. लॅव्हेंडर टोपापासून पायाच्या पिसांपर्यंत एकाच फिकट छटेचा. पिल्लावरून ठरवू नका, तलंग (तरुण कोंबडी) किंवा कोंबडा पूर्ण पिसांवर येऊ द्या. बघायचं ते दिवसा, सावलीत, पिवळ्या बल्बखाली नको आणि आपल्या पावसात भिजलेला पक्षी तर नकोच, सिल्कीचं पीस पाणी धरतं आणि ओला पक्षी गडदच दिसतो. उन्हात राहिलेल्याला पितळी झाक येते ती वेगळीच.

तरीही शंका असेल तर खात्रीच्या, स्प्लिट नसलेल्या काळ्यावर लावून बघा. ब्लू असेल तर निम्म्याच्या आसपास पिल्लं ब्लू, लॅव्हेंडर असेल तर झाडून सगळी काळी. डझनभर पिल्लं पुरतात. कोंबडी तपासताय तर आधी तीन-चार आठवडे जुन्या कोंबड्यापासून लांब ठेवा, आधीचं बीज तिच्यात टिकून असतं.

बाकी तपासणी पटकन होते: पाच बोटं, पाचवं सुटं आणि वर वळलेलं, कातडी काळी, तुरा जांभळट-काळा, अक्रोडासारखा. चार बोटं आणि उभा दातेरी तुरा म्हणजे कडकनाथ किंवा गावठीची भेसळ, तो पक्षी ब्रीडिंगला नकोच. चार बोटांच्या लॅव्हेंडरपेक्षा पाच सुट्या बोटांचा, गोल भरलेल्या टोपाचा ब्लू मी कधीही आधी घेईन.