सणाची तारीख कोणाच्या हातात?

आमच्या ओळखीतलं डोंबिवलीचं एक जोडपं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला म्युनिकला गेलं. ऑक्टोबरफेस्ट, म्हणजे तिथली बिअरची मोठी जत्रा बघायची, म्हणून मुद्दाम १२ ऑक्टोबर साधला. रजा मंजूर, व्हिसा हातात, हॉटेलही आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त मिळालं. संशय तिथेच यायला हवा होता. मैदानावर पोचले तर तंबूंचे उघडे सांगाडे, क्रेन, लोखंडी पाईप भरलेले ट्रक. एका कामगाराने हातवारे करून सांगितलं, संपलं, पुढच्या वर्षी या. दोघांनी तिथल्या बव्हेरियामातेच्या भल्याथोरल्या पुतळ्यापुढे फोटो काढला आणि परतीची वाट धरली.

तसं बघितलं तर त्यांची तारीख अजिबात चुकलेली नव्हती. १२ ऑक्टोबर १८१० रोजीच बव्हेरियाचा, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी त्या राज्याचा, युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेसे यांचं लग्न झालं. पाच दिवसांनी गावाबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत ठेवली आणि त्या माळाला नवरीचं नाव मिळालं, टेरेसियनवीझे. शर्यत लोकांना इतकी आवडली की पुढच्या वर्षीही झाली, सोबत शेतीचं प्रदर्शन आलं. बिअरचा पसारा नंतर वाढला, आणि शर्यती मात्र कधीच बंद झाल्या. अडचण एकच होती: ऑक्टोबरच्या मध्यात म्युनिकमध्ये संध्याकाळी उघड्यावर बसवत नाही. म्हणून १८७२ पासून जत्रा सप्टेंबरात ओढली गेली. आता नियम असा, की १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी दुपारी बाराला महापौर पहिल्या पिंपाला तोटी ठोकतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सगळं आटोपतं. हा रविवार १ किंवा २ तारखेला आला तर ३ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ, कारण तो जर्मनीच्या एकीकरणाचा सुट्टीचा दिवस. नाव ऑक्टोबरचं, मुक्काम बहुतेक सप्टेंबरात.

सणासाठी प्रवास ठरवणाऱ्याने विमानाचं भाडं बघण्याआधी एक प्रश्न विचारावा: या सणाची तारीख कोणाच्या हातात आहे, चंद्राच्या की नगरपालिकेच्या? जगातल्या बऱ्याच नावाजलेल्या उत्सवांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

स्पेनमधल्या पॅम्प्लोनाचंच बघा. रस्त्यावरून उधळणारे बैल आणि त्यांच्यापुढे धावणारी पांढऱ्या कपड्यांतली, लाल रुमालवाली माणसं, हे दृश्य आपण टीव्हीवर पाहिलेलं असतं. हा संत फर्मिनचा उत्सव पूर्वी १० ऑक्टोबरला व्हायचा. पण ऑक्टोबरातली हवा बेभरवशाची, आणि जुलैत गावात गुरांची मोठी जत्रा भरायचीच. गावकऱ्यांनी बिशपकडे विनंती केली आणि १५९१ पासून संताचा उत्सव ७ जुलैला आला. संत जत्रेच्या तारखेला आला, जत्रा संताच्या तारखेला गेली नाही. आपल्याकडच्या कुठल्याही यात्रेतल्या बैलबाजारात उभं राहिलं की यात नवल वाटत नाही. आज ६ जुलैला दुपारी बारा वाजता नगरपालिकेच्या सज्ज्यातून दारूचा बाण सुटतो आणि १४ तारखेपर्यंत गाव झोपत नाही. बैलांची धाव ७ तारखेपासून रोज सकाळी आठला. अंतर साधारण साडेआठशे मीटर, वेळ दोन-तीन मिनिटं. अमेरिकी लेखक हेमिंग्वे १९२३ मध्ये तिथे पहिल्यांदा गेला, तीन वर्षांनी त्याची त्यावरची कादंबरी आली आणि एका प्रांतापुरती ओळख असलेलं हे गाव साऱ्या जगाच्या नकाशावर चढलं. तारीख पक्की असल्याने हा सण आखायला सोपा. खोली मिळवायला मात्र महाकठीण.

चंद्राच्या हातातले सण वेगळे. तिथे नगरपालिकेचं काही चालत नाही. रिओपासून गोव्यापर्यंतचा कार्निव्हल हा त्यातला सगळ्यांत मोठा, आणि मराठी माणसाला तो समजायला सोपा आहे, कारण आपल्याला तिथी कळते. ईस्टर म्हणजे २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणजे ढोबळमानाने हनुमान जयंतीनंतरचा रविवार, आणि होळीच उशिरा, २१ मार्चनंतर आली, तर होळीनंतरचा. त्या रविवारापासून ४७ दिवस मागे मोजले की कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार मिळतो. दुसऱ्या दिवसापासून ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू, म्हणून त्याआधी पोटभर खाऊन, नाचून घ्यायचं. आषाढातल्या गटारीची आठवण आली तर ती काही चुकीची नाही.

आता थोडा हिशेब. पौर्णिमेपासून दीड चांद्रमास मागे गेलं की सुमारे ४४ दिवसांवर अमावास्या येते. त्यामुळे कार्निव्हलचा मंगळवार नेहमी अमावास्येच्या चार-पाच दिवस आगेमागेच पडतो. महाशिवरात्र तर अमावास्येच्या आदल्या दिवशीचीच. बऱ्याच वर्षी दोन्ही एकाच आठवड्यात येतात. २०२२ मध्ये तर एकाच दिवशी आली, १ मार्चला. २०२६ मध्ये महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आणि कार्निव्हलचा मंगळवार १७ ला. चिनी नववर्षही त्याच १७ तारखेला, आणि एक-दोन दिवसांत रमजान सुरू. चार धर्मसंस्कृतींची पंचांगं एका अमावास्येपाशी येऊन उभी राहिली. त्या आठवड्यात आशियात विमानाचं तिकीट काढणाऱ्याला भाडं का भडकलं हे कोणी वेगळं सांगायला नको.

गोव्यात पोर्तुगीज काळातला कार्निव्हल, कोकणीत ज्याला इंत्रूज म्हणतात, तो घरचा आणि गल्लीतला होता. एकमेकांवर पीठ, रंग, पाणी टाकायचं, वाड्यावाड्यांवर खेळ करायचे. गोवा मुक्त झाल्यावर १९६५ मध्ये पणजीत किंग मोमोच्या, म्हणजे कार्निव्हलच्या सोंगातल्या राजाच्या, आगेमागे चित्ररथांची मिरवणूक निघाली आणि सणाला बघ्यांसाठीचं रूप आलं. शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, मग वास्को, मंगळवारी म्हापसा, असं वेळापत्रकच बसलं. एका शहरात चुकलं तरी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात गाठता येतं. पुढे शिगम्याचंही, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाचंही, तसंच झालं. गावच्या मांडावर, म्हणजे सणाच्या ठरलेल्या जागी, चालणारा ढोलताशांचा रोमटामेळ आणि घोड्याचं सोंग घेऊन नाचायची घोडेमोडणी सरकारी मिरवणुकीत शहरात उतरली. मांडावरचा शिगमो बघायचा तर अजूनही गावच गाठावं, असं माझं मत. कार्निव्हल आणि शिगमो दोन्ही एका रजेत बसवायचे असतील, तर वर्ष निवडून घ्यावं लागतं. २०२६ सारख्या वर्षी दोन्हींत जेमतेम दोन आठवडे असतात. २०२७ मध्ये ते अंतर सहा आठवड्यांचं होतं.

व्हेनिसचा इतिहास आणखी बोलका. १७९७ मध्ये नेपोलियनने तिथलं प्रजासत्ताक संपवलं आणि मुखवट्यांचा तो प्रसिद्ध कार्निव्हलही हळूहळू विझला. तो परत पेटवला गेला १९७०च्या दशकाच्या अखेरीस. फेब्रुवारीतल्या गारठ्यात शहर ओस पडायचं, त्याला पाहुणे हवेच होते.

जपानने तर चंद्राच्या हातातून तारखा सरळ काढून घेतल्या. १८७३ मध्ये तिथे नवं सौर कॅलेंडर आलं आणि नववर्ष १ जानेवारीला गेलं. क्योटोचा गिओन उत्सव ८६९ च्या साथीतला, रोगराई टळावी म्हणून सुरू झालेला. त्याच्या रथांच्या दोन मिरवणुका असत, आता जुलैच्या १७ आणि २४ तारखांना. १९६६ मध्ये शहराची वाहतूक आणि पर्यटकांची सोय बघून दोन्ही एकाच दिवशी काढायला लागले. २०१४ मध्ये, जवळपास पन्नास वर्षांनी, दुसरी मिरवणूक परत २४ तारखेला आली. जुनी पुस्तकं घेऊन जाणारा प्रवासी इथे फसू शकतो.

मुळात सणासाठी लांबचा प्रवास करणारा पहिला माणूस पर्यटक नव्हता, यात्रेकरू होता. युरोपात हौशी प्रवाशांचा धंदा उभा केला तो थॉमस कुकने, आणि त्याची पहिली सहल होती ५ जुलै १८४१ ची. लेस्टरहून लफबरोपर्यंत, सुमारे १८ किलोमीटर, एका शिलिंगात, पाचेकशे माणसं. निमित्त? दारूबंदीचा मेळावा. आज पर्यटक बिअरच्या तंबूत जागा मिळावी म्हणून वर्षभर आधी धडपडतात, ते बघून कुकसाहेबाला काय वाटलं असतं देव जाणे. पुढे १८८६ मध्ये हिंदुस्थान सरकारने हजच्या प्रवासाची व्यवस्था याच कंपनीकडे दिली. मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या बोटींत माणसं कोंबली जात, हाल होत, आणि साथींची भीती होतीच. १८६५ च्या हजमध्ये पटकी पसरली आणि ती युरोपपर्यंत गेली, तेव्हा पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला देशोदेशीची परिषद भरवावी लागली. हजची तारीख पूर्ण चांद्र वर्षावर चालते, अधिक महिना नाही, त्यामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. एका पिढीने उन्हात केलेला हज पुढची पिढी थंडीत करते.

आपल्याकडे पंढरपूर. वारकरी चालत जातो, त्याला गाडीचं वेळापत्रक लागत नाही. पण चालणं न जमणाऱ्यांसाठी रुळही आले. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंद लाईन १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत धावली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. छोट्या लाईनच्या गाड्यांना एकादशीची गर्दी पेलावी लागे.

अलीकडे तर उलटा प्रकार सुरू झाला आहे: प्रवासी आधी, सण नंतर. नागालँडमधल्या जमातींचे सण वर्षभर विखुरलेले. अंगामींचा सेक्रेन्यी फेब्रुवारीत, आओंचा मोआत्सू मे महिन्यात. बाहेरचा माणूस किती वेळा येणार? म्हणून राज्याने २००० पासून हॉर्नबिल महोत्सव सुरू केला, आता तो कोहिमाजवळ किसामा इथे भरतो, १ ते १० डिसेंबर. १ डिसेंबर हा राज्याचा स्थापनादिन, हवा कोरडी, आणि सगळ्या जमाती एका जागी. सोयीचं आहे, पण बघताना प्रदर्शनात आल्यासारखं वाटतं, हेही खरं. मेक्सिको सिटीची गोष्ट याहून अफाट. मृतांच्या सणाला तिथे घरोघरी आणि कबरीपाशी झेंडूची फुलं, मेणबत्त्या, गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात. २०१५ च्या जेम्स बाँडपटात त्या शहरात सांगाड्यांची प्रचंड मिरवणूक दाखवली. अशी मिरवणूक तिथे निघतच नव्हती. पर्यटक ती शोधत येणार हे उघड होतं, म्हणून २०१६ पासून शहराने खरोखरच काढायला सुरुवात केली.

कोकणातला गणपती मात्र अजून कोणाला हलवता आलेला नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थी म्हणजे चतुर्थी. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने थेट १४ सप्टेंबरला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला तोपर्यंत चाकरमान्याची सगळी भिस्त एसटीवर आणि घाटातल्या रात्रीवर होती. आता भिस्त आरक्षणावर. पूर्वी १२० दिवस आधी तिकीट निघायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी. म्हणजे १२ सप्टेंबर २०२६ च्या गाडीसाठी १४ जुलैला सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल हातात हवा. घरातली तीन माणसं तीन फोन घेऊन बसतात, आणि आठ वाजून दोन मिनिटांनी तिघांच्याही पडद्यावर प्रतीक्षा यादी झळकते.

जायचं तिकीट तारखेवर निघतं. परतीचं नक्षत्रावर. गौरी अनुराधावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात, आणि गौरींबरोबर गणपती पोचवणाऱ्या घरांचा मुक्काम त्यावर ठरतो. २०२४ मध्ये तो सहा दिवसांचा होता, २०२५ मध्ये सात. एका वर्षी मी आपला अंदाजाने सहाव्या रात्रीचं परतीचं आरक्षण करून मोकळा झालो. गावाहून आत्येचा फोन आला. तिने कालनिर्णय भिंतीवरून काढून हातात घेतलेलं असणार, कारण पानांची फडफड ऐकू येत होती. “आधी गौरी कधी जातत ता बघ, मगे परतीचा तिकीट काढ.”