‘पाणी किती?’ आणि ‘कुणी पाठवलंय?’

जुलैचा पाऊस लागला की कोल्हापुरात सकाळी पहिली चौकशी पंचगंगेची होते. मी मोबाइलवरचा आकडा वाचला : राजाराम बंधारा (नदीची पातळी इथं मोजतात), ४१ फूट ३ इंच. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘कुणी पाठवलंय रे? आणि मच्छिंद्री झाली का?’ शिवाजी पुलाच्या ठरावीक खुणेला पाणी टेकलं की इथं तसं म्हणतात.

काकूंचे हे दोन प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. माणसं नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात, याचं फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकानं १९८९ मध्ये दिलेलं उत्तर सरळ होतं : ते उपयोगाचं वाटलं आणि सोपं वाटलं की. पण पुराचा मेसेज उपयोगाचाही असतो, वाचायलाही सोपा असतो. तरी काकू सामान हलवत नाहीत. अडतं ते विश्वासापाशी.

मेयर, डेव्हिस (हे दुसरे डेव्हिस) आणि शूरमन या अभ्यासकांनी १९९५ मध्ये विश्वासाचे तीन धागे वेगळे केले : क्षमता, सद्भाव, सचोटी. म्हणजे सांगणाऱ्याला त्यातलं कळतं का, त्याला आपली काळजी आहे का, तो खरं बोलतो का. खरी गोम इथंच आहे. गल्लीच्या ग्रुपवर जुना व्हिडिओ टाकणाऱ्या भाच्याला आपली काळजी असते, पण पाणी त्यानं मोजलेलं नसतं. आपण मायेलाच माहिती समजतो. सरकारी आकड्याचं उलटं होतं : मोजणारा जाणकार, पण ओळखीचा नाही.

२०१९ च्या महापुरात असा चुकीच्या जागी ठेवलेला विश्वास महाग पडला. ‘२००५ ला पाणी इथंवरच आलं होतं’ या भरवशावर काठावरची कितीतरी घरं थांबली, आणि नदी ५५ फुटांच्या पुढं गेली. पुढं माणसं बोटींतून काढावी लागली. २००५ च्या पुराची भिंतीवरची जुनी खूण खोटी नव्हती. तिच्यावर तिच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकला गेला. ली आणि सी या संशोधकांनी २००४ मध्ये स्वयंचलित यंत्रांबद्दल हेच मांडलं : विश्वास कमी पडला तरी नुकसान, जास्त झाला तरी नुकसान, तो साधनाच्या कुवतीएवढा हवा.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर जरा वेगळं लिहिलं : ‘सकाळी ७ ची नोंद. राजाराम बंधारा ४१ फूट ६ इंच, कालपेक्षा ३ इंच वाढ. अजून ३ फूट चढलं की आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी. मी स्वतः पुलावर जाऊन बघून आलोय.’

काकूंचा लगेच फोन आला. ‘पोरांना पाठव जरा. धान्य माळ्यावर टाकूया.’